कवितेची वर्गणी

(पोस्ट लांब आहे. पैशांबद्दल आहे आणि कवितेबद्दलही आहे, म्हणजे दोन्हीकडून बोलणी बसणार हे धरून चाललोय. तरी शेवटपर्यंत वाचा, शेवटी एक मागणं आहे.)

गेल्या महिन्यात आम्ही सात-आठ जणांनी परळ-लालबागच्या आपल्या ऑनलाइन मंडळींमध्ये एक मेसेज फिरवला. आपल्याच भागातल्या एका कवीचं पहिलं पुस्तक काढायचंय, कमीत कमी शंभर रुपये द्या, एवढाच मजकूर. काहींनी लगेच पाठवले. काहींनी अंगठा दाखवला आणि गप्प बसले. आणि एका जुन्या मित्राने विचारलं, "कवितेला पैसे कशाला लागतात रे? वही-पेन तर घरात असतंच की."

प्रश्न भाबडा वाटला तरी भाबडा नाही. बहुतेकांच्या मनात तोच आहे, त्याने बोलून दाखवला. गणपतीला वर्गणी लागते हे आपल्याला पटवावं लागत नाही. दहीहंडीला, क्रिकेटच्या टुर्नामेंटला, नवरात्राला, सत्यनारायणाला, कुणाच्या ऑपरेशनला आपण देतो. थोडी कुरकुर करतो, पण देतो. कविता मात्र फुकट उगवते अशी आपली समजूत आहे. तेव्हा हिशोबानेच सुरुवात करतो.

हा मुलगा तिशीतला. नाव देत नाही, त्यानेच तसं सांगितलंय. आजोबा गिरणीत होते, वडील संपानंतर मिळेल ते करत राहिले, हा रात्रपाळीची नोकरी करतो. दहा-बारा वर्षं लिहितोय. चाळीवर, लिफ्टवर, आईच्या गुडघ्यांवर, ट्रान्झिट कॅम्पवर. दिवाळी अंकांत कविता येतात. मोबदला म्हणून बहुतेक वेळा अंकाची एक प्रत मिळते, तीही कधी कधी स्वतः जाऊन आणावी लागते. पुस्तकासाठी तो एका प्रकाशकाकडे गेला. उत्तर आलं : चाळीस हजार भरा, तीनशे प्रती छापू, त्यातल्या दीडशे तुम्ही न्या आणि तुमच्या तुम्ही खपवा.

यात त्या प्रकाशकाला खलनायक ठरवायची मला गरज वाटत नाही. कवितेचं पुस्तक दुकानात पडून राहतं, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण याचा अर्थ काय होतो ते बघा. ज्याच्याकडे चाळीस हजार आहेत, त्याचं पुस्तक निघतं. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या कविता वहीत राहतात. मग पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हणेल, त्या काळात गिरणगावातून फारसं कुणी लिहिलंच नाही. लिहिलं होतं हो. छापायला पैसे नव्हते.

आणि कविसंमेलनं? कवी बदलापूरहून, विरारहून लोकल बदलून येतो, दोन कविता वाचतो. त्याला शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं एक फूल मिळतं. मंडपवाल्याला पैसे मिळतात, माईकवाल्याला मिळतात, वडापाववाल्याला रोख मिळतात. ज्याच्यासाठी मंडप घातला त्याला नारळ. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले. चांगलंच झालं. पण त्या भाषेत आज, या आठवड्यात, नवी ओळ लिहिणाऱ्या माणसाच्या खिशात त्याने काही पडलं का, हे कुणी विचारलं नाही.

मग मराठी कविता आजवर जगली कशावर? मोठा भाग नोकरीवर. मर्ढेकर आकाशवाणीत होते. नारायण सुर्वे म्युनिसिपालिटीच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. 1962 मध्ये त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला, तो या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाचा संग्रह होता. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात चित्रं आणि मांडणी करत. 1976 मध्ये त्यांचं इंग्रजी 'जेजुरी' निघालं, तेही चार कवींनी एकत्र येऊन काढलेल्या 'क्लिअरिंग हाऊस' नावाच्या सहकारी उपक्रमातून. मराठी कवितांचं पुस्तक पुढच्याच वर्षी अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढलं. म्हणजे एवढ्या मोठ्या कवीलाही मित्र लागले. नोकरी करून लिहिणं वाईट नाही. पण तेव्हाची नोकरी संध्याकाळी सुटायची. आजच्या बारा तासांच्या कामात आणि मधल्या गर्दीच्या प्रवासात कविता कुठे बसवायची, हे ज्याचं त्याला माहीत.

नोकरी झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट आपण विसरलोय, आणि माझा खरा मुद्दा ती आहे. आपल्या या पट्ट्यात, गिरगावपासून दादरपर्यंत, वर्गणीवर कविता पोसायची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. आपण तिला तसं नाव कधी दिलं नाही, इतकंच.

गिरगावातून सुरुवात करू. 1893 मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या उत्सवाबरोबर मेळे आले. मेळ्यांना दरवर्षी नवी पदं लागत, जुनी चालत नसत. यंदा काय घडलं, सरकारने काय केलं, गावात कुणाचं काय चाललंय, त्यावर पदं रचून घेतली जात, पोरं ती पाठ करत, छोट्या पुस्तिका छापून विकल्या जात. याचा खर्च कुठून निघायचा? वर्गणीतून. म्हणजे एखाद्या बिऱ्हाडाने दिलेल्या चार-आठ आण्यांत मखर होतं, प्रसाद होता आणि एखादं ताजं पदही होतं. इंग्रज सरकारला या पदांची भीती वाटायची. वर्गणीतली कविता निरुपद्रवी असती तर पोलिसांनी तिच्यावर डोळा ठेवला नसता.

मग गिरणगाव. 1944 च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी मैदानं भरवली, हे आपल्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले. त्यांच्यामागे कुणी शेठ नव्हता. कामगार होता, त्याची युनियन होती, त्याच्या चाळीची मोकळी जागा होती. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात पावत्या फाटायच्या, आणि ज्या खिशातून युनियनची वर्गणी जायची त्याच खिशातून शाहिराच्या झोळीतही नाणं पडायचं.

तिसरी रीत मला सगळ्यात मोठी वाटते आणि आपल्याकडच्या साहित्याच्या चर्चेत तिचा उल्लेख सगळ्यात कमी होतो. भीमगीतं. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत आले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, मिळेल ती कामं केली. अक्षरओळखसुद्धा मोठेपणी झाली. 1943 पासून लिहायला लागले ते 2004 मध्ये जाईपर्यंत थांबले नाहीत. हजारो गाणी. ना प्राध्यापकी, ना कुठलं मोठं प्रकाशन. गावोगावच्या वस्त्यांनी त्यांना बोलावलं, जेवू घातलं, वर्गणी काढून कार्यक्रम ठेवले.

या कार्यक्रमांतली बक्षिसाची पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना लगेच आठवेल. गाणं रंगात येतं. समोरून एक माणूस उठतो, दहाची नोट घेऊन स्टेजपाशी जातो. गायक गाणं तसंच चालू ठेवून मध्ये नाव घेतो : अमुक चाळीचे अमुक, यांजकडून दहा रुपये. मग पुढची ओळ. अकरा रुपये देणाऱ्याचं नाव घेतलं जातं, एकशे एक देणाऱ्याचंही घेतलं जातं, आणि त्याच आवाजात. तो मान माणसाला वर्षभर पुरतो. दिवसभर साहेबाकडून 'ए' म्हणून हाक ऐकणाऱ्या माणसाचं नाव इथे माईकवरून, आडनावासकट, घेतलं जातं.

आणि 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर जाऊन बघा. चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. अंगावरच्या कपड्यांनिशी, घरची भाकरी बांधून आलेले लोक. परत जाताना पिशवीत पुस्तकं असतात. त्यात जाड ग्रंथ असतात, तशाच गाण्यांच्या, कवितांच्या पातळ पुस्तिकाही असतात. कवी स्वतः चादर अंथरून बसलेला असतो, आपलं पुस्तक आपल्या हाताने विकत. मराठीत कविता खपत नाही म्हणणाऱ्याने एकदा त्या दिवशी दादरला उतरावं. मग कळेल की कविता खपत नाही ती आपल्या ठरलेल्या दुकानांत.

मध्यमवर्गानेही हे करून पाहिलंय बरं का. 1974 मध्ये दिनकर गांगल आणि मित्रांनी 'ग्रंथाली' सुरू केली तेव्हा तिला वाचक चळवळच म्हटलं. वाचकाने सभासद व्हायचं, थोडे पैसे आधी द्यायचे, आणि त्या भरवशावर पुस्तकं निघायची. दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये याच ग्रंथालीने काढलं. त्याच्याही कितीतरी आधी, 1887 मध्ये, नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावातून 'काव्यरत्नावली' हे फक्त कवितेला वाहिलेलं मासिक सुरू केलं आणि ते 1935 पर्यंत चाललं. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी 1985 मध्ये सुरू केलेलं 'कविता-रती' हेही तसंच, कवितेचंच नियतकालिक. जळगाव, धुळे. पुण्या-मुंबईच्या बाहेर, वर्गणीदारांच्या यादीवर आणि संपादकाच्या हट्टावर कवितेची मासिकं चालू शकतात, तर आपल्या एका वॉर्डात एक पुस्तक निघायला काय हरकत आहे?

मग हे सगळं आटलं कुठे? 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढचं मी सांगायला नको. गिरण्या गेल्या, त्याबरोबर पगाराचा दिवस गेला, आणि पगाराच्या दिवशी फाटणारी पावतीही गेली. मग चाळी जायला लागल्या. चाळीत वर्गणी मागायला गॅलरीतून एक चक्कर मारली की चाळीस दारं व्हायची. दार उघडंच असायचं. नाही म्हणायला माणसाला तोंड समोर धरावं लागायचं. टॉवरमध्ये खाली वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय? मग इंटरकॉम. मग 'साहेब घरी नाहीत'. वर्गणी मागायची वाटच बंद झाली. मंडळांनी यावर आपला उपाय काढला : बॅनर. घरोघरी पन्नास रुपये मागण्यापेक्षा एका नेत्याकडून, एका बिल्डरकडून लाख घ्यायचे आणि त्याचा फोटो गणपतीपेक्षा मोठा लावायचा. आपण सगळे ते बघतो, नाकं मुरडतो आणि त्याच कमानीखालून दर्शनाला जातो.

म्हणून मला मोबाइलवरची ही वर्गणी फार महत्त्वाची वाटते. यूपीआय 2016 मध्ये आलं. आज भाजीवालीकडे, चहाच्या टपरीवर क्यूआर कोड आहे. शंभर रुपये पाठवायला दहा सेकंद लागतात. कांदिवलीला, डोंबिवलीला, दुबईला गेलेला लालबागचा पोरगाही देऊ शकतो. चाळीची गॅलरी पुन्हा मिळाली आहे, फक्त ती आता फोनमध्ये आहे.

आता अवघड भाग. आमचा मेसेज फिरला त्याच आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला. आपल्या भागात त्यांचं नाव आहे, कामंही केलेली आहेत, उगाच वाईट बोलणार नाही. ते म्हणाले, "साडेतीनशे जणांच्या मागे कशाला धावता? सगळे पैसे मी देतो. उद्या चेक घेऊन जा. मागच्या पानावर आपला एक फोटो टाका, प्रकाशन माझ्या हस्ते करा. आणि ती पुनर्विकासावरची कविता आहे ना, ती जरा बघून घ्या. लोकांचा गैरसमज नको व्हायला."

आमच्यात दोन रात्री वाद झाला. आणि वाद खरा होता. एक जण म्हणाला, फोटोने काय बिघडतं? पुस्तक तर निघेल. पोराची दहा वर्षं अडकली आहेत, तुमच्या तत्त्वासाठी त्याने अजून किती थांबायचं? दुसरी म्हणाली, एक कविता काढली तर उरलेल्या साठ तर लोकांपर्यंत जातील. या दोघांचं म्हणणं मला सहज झटकून टाकता आलं नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने दुसऱ्याला बाणेदारपणा शिकवू नये, हे मलाही कळतं.

शेवटी कवीलाच विचारलं. तो म्हणाला, "कविता काढायचं नंतर बघू. पण त्यांचा फोटो मागे असला ना, तर पुढची कविता लिहायला बसलो की मला तो फोटो दिसणार."

विषय तिथे संपला. आम्ही त्या गृहस्थांना आभार मानून नाही म्हणून कळवलं आणि सांगितलं की एका माणसाकडून जास्तीत जास्त पाचशे घेतोय. ते रागावले नाहीत. त्यांनी पाचशे पाठवले, आम्ही पावती पाठवली. बाकीच्यांना जशी पाठवली तशीच.

त्या पोराच्या एका वाक्यात सगळं आलं. कवितेला पैसा कुणाचा लागतो यापेक्षा एका हातातून किती लागतो, हे महत्त्वाचं. पाचशे रुपये देणारा मालक होऊ शकत नाही. तो रागावून निघून गेला तरी पुस्तक थांबत नाही. सत्तर हजार देणारा एकही शब्द न बोलता मालक होतो. त्याने काही मागायचीही गरज नसते, आपणच आधी ओळखून गाळायला लागतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. स्कॉटलंडचा रॉबर्ट बर्न्स शेतकरी होता. 1786 मध्ये त्याचं पहिलं पुस्तक किल्मार्नॉक नावाच्या छोट्या गावात छापलं गेलं. आधी पत्रकं वाटून वर्गणीदार गोळा केले, किंमत तीन शिलिंग, प्रती 612. बरेचसे ओळखीपाळखीचे, आसपासचे लोक. पुस्तक गाजलं. पुढच्याच वर्षी एडिंबरोत मोठी आवृत्ती निघाली. तिथे सरदार-जमीनदारांच्या एका शिकारी क्लबाने एकदम शंभर प्रती घेतल्या. आणि ती आवृत्ती अर्पण कुणाला केली? त्याच क्लबाला. बर्न्सला मी दोष देत नाही, संसार त्यालाही होता. पण तीन शिलिंग देणाऱ्याला कुणी पुस्तक अर्पण करत नाही, आणि तेच त्याच्या पैशांचं मोठेपण आहे.

मग सरकारने द्यावं ना, असं काही जण म्हणतात. सरकारने द्यावंच. साहित्य संस्कृती मंडळाकडून नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान मिळतं, ती चांगली योजना आहे, आपल्या मुलांनी तिथे जरूर अर्ज करावा. पण सगळा भार तिथेच टाकता येणार नाही. डिसेंबर 2022 मध्ये काय झालं ते आठवा. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य सरकारचा पुरस्कार 6 तारखेला जाहीर झाला आणि 12 तारखेला तो रद्द झाला. निवड समितीही बरखास्त. सहा दिवस. त्यावर अनेकांनी राजीनामे दिले, पुरस्कार परत केले. ते पुस्तक तुम्हाला पटो न पटो, पैसे एकाच तिजोरीतून येत असले की ती तिजोरी कधीही बंद होऊ शकते, हे त्यातून दिसलं. सरकार कुणाचंही असो.

आता माझ्याच म्हणण्याची दुसरी बाजू सांगतो, नाहीतर ही पोस्ट म्हणजे जाहिरात होईल. लहान वर्गणी देणारे सगळे साधुसंत असतात असं नाही. घोळका हाही मालक होऊ शकतो. वर मेळ्यांचं कौतुक केलं, पण त्याच मेळ्यांनी सुधारकांवर, शिकलेल्या बायकांवर गलिच्छ पदंही गायली. 1920 च्या दशकात पुण्यात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादात मेळे एकमेकांवर तुटून पडले. तेही लोकांच्याच पैशांवर आणि लोकांच्याच टाळ्यांवर. आपल्याही मंडळींमध्ये तसं होऊ शकतं. शंभर रुपये दिले म्हणून उद्या कुणी म्हणेल, आमच्या जातीवर का लिहिलं? आमच्या देवावर का लिहिलं? माझ्या सोसायटीची बदनामी का केली? एका शेठला नाही म्हणणं सोपं असतं. आपल्याच साडेतीनशे माणसांना नाही म्हणायला जास्त छाती लागते.

यावर माझ्याकडे रामबाण उपाय नाही. काही नियम मात्र आम्ही ठरवले आहेत. ते इथे लिहितो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

एक. कमीत कमी शंभर, जास्तीत जास्त पाचशे. कंपनी, पक्ष, ट्रस्ट यांच्याकडून काही घेणार नाही. माणूस म्हणून द्यायचं असेल तर त्यांच्या अध्यक्षांचं स्वागत आहे, पाचशेपर्यंत.

दोन. शंभर देणाऱ्यालाही एक प्रत आणि पाचशे देणाऱ्यालाही एकच. पुस्तकाच्या शेवटी सगळ्यांची नावं, अकारविल्हे, रकमेशिवाय. नाव नको असेल तर 'एक वाचक'.

तीन. छपाईआधी कविता कुणालाही दाखवणार नाही. आम्हालाही नाही. त्याने एक जाणकार संपादक निवडला आहे, त्या दोघांचं ते काम. आवडलं नाही तर पुस्तक आल्यावर जाहीर टीका करा, तुमचा हक्क आहे. आधी नाही.

चार. छापखान्याचा खर्च पाचशे प्रतींना साधारण पंचेचाळीस हजार येतोय, तीन ठिकाणी विचारून झालंय. पंचवीस हजार कवीचं मानधन. हो, मानधन. शाल आणि नारळ नाही. एकूण सत्तर हजार. साडेतीनशे माणसांनी सरासरी दोनशे दिले की झालं. शेवटच्या रुपयापर्यंतचा हिशोब इथेच टाकू, छापखान्याच्या बिलाच्या फोटोसकट.

पाच. उरलेल्या प्रती कवीकडे आणि काही आपल्या भागातल्या वाचनालयांत. विक्रीचे पैसे कवीचे. जास्त जमले तर ते पुढच्या कवीसाठी, आणि पुढची कवयित्री असावी असा आमच्यातल्या बायकांचा हट्ट आहे. हट्ट बरोबर आहे. रात्री घर आवरल्यावर लिहिणाऱ्या बाईकडे चाळीस हजार तर सोडाच, स्वतःच्या नावाची वहीही लपवून ठेवावी लागते.

मानधनावरून सगळ्यात जास्त प्रश्न आले. "छपाईचं ठीक आहे हो, पण वर पंचवीस हजार कशाला? हौस आहे ना त्याला?" भटजींना दक्षिणा देतो तेव्हा त्यांना श्रद्धा आहे ना, मग पैसे कशाला, असं आपण विचारत नाही. कीर्तनकाराला बिदागी देतो. बँडवाल्याला, ढोलताशावाल्याला, डीजेवाल्याला आगाऊ देतो. पंचवीस हजार म्हणजे त्या पोराला दीड-दोन महिने ओव्हरटाइम न करता घरी बसता येईल. दहा वर्षांत एकदा. ही हौस पुरवणं नाही, झालेल्या कामाचे पैसे देणं आहे, तेही उशिरा.

आज ही पोस्ट लिहीपर्यंत एकशे सत्तर जणांनी दिलेत. त्यात एक निवृत्त गिरणी कामगार आहेत, त्यांना फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत म्हणून नातीकडून शंभर पाठवले आणि निरोप दिला : पुस्तकात गिरणीचं नाव बरोबर लिहायला सांग, पोरं हल्ली मॉलचं नाव लिहितात. एक डिलिव्हरीवाला आहे. दोन शिक्षिका आहेत. एक माणूस असा आहे की त्याचं आणि कवीचं राजकारणावरून कधीच पटलं नाही. त्यानेही दोनशे दिले आणि लिहिलं, "भांडायला पुस्तक तरी पाहिजे ना." आतापर्यंत आलेल्या सगळ्या मेसेजमध्ये मला हा जास्त आवडला. कविता आपल्या बाजूची असेल म्हणून त्याने पैसे दिले नाहीत. ती लिहिली जावी म्हणून दिले.

तर मागणं एवढंच. अजून साधारण एकशे ऐंशी माणसं हवी आहेत. ज्यांना द्यायचेत त्यांनी मेसेज करा, कोड पाठवतो. कवितेत रस नसेल तर देऊ नका, भिडेपोटी तर मुळीच नको. आणि देणार असाल तर एक गोष्ट मनाशी आधीच धरून द्या : या पुस्तकात एखादी ओळ तुम्हाला बोचणारी असेल. असायलाच हवी. तुमचे शंभर रुपये तिचेही आहेत.